हिवाळ्यात घर सुरक्षित आणि शेजार जागता ठेवण्यासाठी : टप्प्याटप्प्याने तयारी

थंडी वाढली की आपण दारं-खिडक्या घट्ट लावतो, आत शेगडी किंवा हीटर सुरू करतो आणि बाहेर पडणं टाळतो. तिन्ही गोष्टी अगदी स्वाभाविक आहेत. पण बंद खोली, आत चालू असलेली आग आणि दिवसभर कुणाशी न झालेलं बोलणं हे सगळं एकाच घरात जमून आलं की धोका वाढतो. त्याचा सर्वात जास्त फटका बसतो तो ज्यांच्या दारावर थाप मारणारं कुणी नसतं त्यांना.

हिवाळ्यातले दोन मोठे धोके म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा आणि शरीराचं तापमान घसरणं. दोन्हींत माणसाची समज आधी जाते. विषारी वायूने डोकं जड होतं, गुंगी येते आणि खिडकी उघडावी एवढंही सुचत नाही. अंगातली ऊब गेली की बोलणं अडखळतं, माणूस गोंधळतो, आणि तरीही ‘मला काही झालेलं नाही’ असं ठासून सांगतो. म्हणून घराची तपासणी कितीही चोख केली तरी बाहेरून विचारपूस करणारा एक माणूस लागतोच. आधी घर, मग शेजार आणि मग एकत्र जमणं असा क्रम मी त्यासाठीच घेतला आहे. शेजाऱ्यांनी मिळून घालवलेल्या संध्याकाळी मी सुरक्षेच्या कामातच धरते, कारण ओळख नसेल तर रात्री अकरा वाजता कुणी कुणाला फोन करत नाही.

पहिली पायरी : घरात जिथे काही जळतं ती प्रत्येक जागा बघा

कोळशाची शेगडी, लाकडाची चूल, रॉकेलचा स्टोव्ह, गॅसवर चालणारा हीटर, गॅस गीझर, जनरेटर. कागद घ्या आणि घरातली अशी प्रत्येक वस्तू लिहा. हवा अपुरी पडली की इंधन अर्धवट जळतं आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांची चुरचूरही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास नीट चालू असला तरी ऑक्सिजन शरीरात पोचत नाही.

‘धूर संपला, आता नुसते निखारे उरलेत, शेगडी आत घ्यायला हरकत नाही’ हा समज सर्वात घातक आहे. बिनधुराचे लालभडक निखारे भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडतात. खोलीत पाण्याचं पातेलं ठेवून हा वायू शोषला जात नाही, आणि खिडकीच्या एका फटीवर विसंबून झोपणंही धोक्याचं आहे. कोळशाची शेगडी झोपायच्या खोलीत न्यायचीच नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना, विशेषतः पाहुण्यांना, स्पष्ट सांगा. ऊब हवी असेल तर आधी स्वतः ऊब घ्या, शेगडी बाहेरच विझवा आणि मग आत येऊन पांघरुणात शिरा.

गॅस गीझर लहानशा न्हाणीघरात बसवलेला असेल तर त्याची जागा बदलून घेणं हे या हिवाळ्यातलं पहिलं काम समजा. गीझर बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी असावा आणि त्याचा धूर बाहेर सोडणारा पाइप मोकळा असावा. जागा बदलेपर्यंत एक शिस्त पाळा: दार सताड उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, आणि त्यानंतरच आत जाऊन दार लावा. गीझर चालू ठेवून, दार लावून वाहत्या गरम पाण्याखाली बराच वेळ आंघोळ करत राहणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

गॅसच्या ज्योतीकडे रोज एकदा नीट बघण्याची सवय लावून घ्या. ती निळी आणि स्थिर असायला हवी. पिवळी पडून लवलवत असेल किंवा भांड्याच्या बुडाला काजळी धरत असेल, तर बर्नरला हवा नीट मिळत नाही, कारागिराला बोलवा. लाकडाच्या शेगडीला धुराडं असेल तर थंडी सुरू होण्याआधी ते झाडून घ्या आणि वाळलेलीच लाकडं वापरा. ओल्या लाकडाने धूर जास्त होतो आणि धुराड्यात काजळीचा थर बसतो, जो नंतर पेट घेऊ शकतो. काढलेली राख झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवून डबा घराबाहेर ठेवा. राखेच्या पोटात निखारा कित्येक तास, कधी दिवसदेखील जिवंत राहतो. जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब असावा आणि त्याच्या धुराचं तोंड खिडक्यांच्या उलट दिशेला असावं. बंद गॅरेजमध्ये गाडी ‘गरम’ करत ठेवू नये. बर्फ पडत असेल तिथे धूर बाहेर टाकणाऱ्या पाइपांची तोंडं बर्फाने बुजली नाहीत ना, हेही रोज पाहावं लागतं.

परवडत असेल तर झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. धुराचा अलार्म वेगळा असतो; एकाने दुसऱ्याचं काम होत नाही, दोन्ही एकत्र असलेलं उपकरण मुद्दाम घेतलं तरच होतं. अलार्ममधल्या सेन्सरचंही वय असतं, म्हणून मागे छापलेली मुदत बघून घ्या.

अलार्म नसला तरी एक खूण लक्षात ठेवा. घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, मळमळ झाली, गरगरलं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर ते सर्दीपडसं समजून अंगावर काढू नका. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवरही भरवसा ठेवू नका, कारण हिमोग्लोबिनला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनसारखाच दिसतो आणि आकडा चांगला येतो.

दुसरी पायरी : विजेवर चालणारी ऊब

हीटरला आपण पंख्यासारखं समजतो, पण तो वीज कितीतरी पट जास्त खेचतो. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर वीज घेतो. लहान ६ अँपिअरच्या सॉकेटला तो झेपत नाही. १६ अँपिअरचं मोठं सॉकेटच लागतं. एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर कधीच लावू नका. गुंडाळलेली, गादीखालून किंवा चटईखालून नेलेली वायर आतल्या आत तापत राहते. तेलाचा रेडिएटर उघड्या तारेच्या हीटरपेक्षा सुरक्षित वाटतो आणि भाजण्याच्या बाबतीत तो तसा आहेही, पण दोन्हींची वॉट क्षमता सारखी असेल तर विजेचा भार सारखाच पडतो.

आता हाताने करायची तपासणी. हीटर अर्धा तास चालू ठेवा. मग भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा आणि हाताच्या पालथ्या बाजूने प्लगची बॉडी चाचपून पाहा. कोमट असेल तर चालेल. हात पटकन मागे घ्यावासा वाटला, प्लास्टिक मऊ लागलं, पिनांच्या मुळाशी तपकिरी डाग दिसला किंवा जळकट वास आला, तर सॉकेटमधली पकड ढिली झाली आहे. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत ते सॉकेट वापरू नका. एमसीबी, म्हणजे विजेचा भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा मीटरजवळच्या बोर्डावरचा स्विच, वारंवार पडत असेल तर जास्त अँपिअरचा बसवून मोकळं होऊ नका; तो पडतो म्हणूनच वायर वाचते. घरात आरसीसीबी (वीज कुठे गळली, कुणाला शॉक बसला तर पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो खरंच पडतो ना, हे महिन्यातून एकदा बघा.

हीटरभोवती तीन फूट मोकळी जागा ठेवा: पडदा नाही, पांघरूण नाही, वाळत घातलेले कपडे तर मुळीच नाहीत. झोपण्याआधी खोली गरम करून घ्या आणि झोपताना हीटर बंद करा.

पाण्यात बुडवायचा रॉड वापरत असाल तर क्रम चुकवायचा नाही. आधी रॉड खुणेपर्यंत पाण्यात, मग बटण चालू. काढताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड. मध्ये ‘पाणी तापलं का’ म्हणून बोट बुडवून बघायचं नाही. धातूची बादली टाळा, आणि प्लास्टिकच्या बादलीच्या कडेला रॉडचा तापणारा भाग टेकू देऊ नका. लहान मूल घरात असेल तर रॉड चालू असेपर्यंत एक मोठं माणूस तिथेच थांबलेलं असावं.

तिसरी पायरी : अंथरूण आणि आंघोळ

रबरी पिशवीत उकळतं पाणी भरू नका. दोन तृतीयांश भरा, वरची हवा दाबून काढा, झाकण आवळा, उलटी धरून एकदा हलवून बघा आणि कापडात गुंडाळा. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी ती पायाशी ठेवून झोपू नये. कातडी भाजते आणि सकाळपर्यंत कळत नाही. विजेचं ब्लँकेट घडी पडलेलं, जळकट डागांचं किंवा ओलसर असेल तर टाकून द्या, आणि त्याच्या जोडीला गरम पाण्याची पिशवी घेऊ नका.

एक वर्षाच्या आतल्या बाळावर सैल पांघरुणं टाकू नयेत, ती तोंडावर येऊन श्वास कोंडतो. त्यापेक्षा अंगात एकावर एक कपडे घाला. बाळाचे हातपाय थंड लागणं नेहमीचंच. ऊब पुरेशी आहे का हे मानेच्या मागे किंवा छातीला हात लावून बघा.

६० अंश सेल्सियसचं पाणी मोठ्या माणसाची कातडीही पाचेक सेकंदांत भाजतं. म्हणून बादलीत नेहमी आधी गार पाणी, मग गरम.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात थंड हवामानात घराच्या आतलं तापमान निदान १८ अंश असावं असं म्हटलं आहे. वृद्ध, तान्ही बाळं आणि आजारी माणसं असतील तर थोडं जास्तच हवं. एखादा साधा तापमापक त्यांच्या खोलीत टांगून ठेवा. वय झालं की थंडी वाजण्याची जाणीवच बोथट होते, त्यामुळे त्यांच्या ‘मला नाही वाजत’वर न थांबता आकडा वाचा. सगळं घर गरम ठेवणं जमत नसेल तर एकच खोली निवडा, सगळे तिथेच बसा-झोपा, आणि दुपारी ऊन असताना दहा मिनिटं खिडक्या उघडून हवा खेळती करा. दमट भिंती आणि बुरशी यांना तोच उतारा आहे.

चौथी पायरी : शेजाऱ्यांची यादी आणि रोजचा एक फोन

इथे जरा थांबून नीट काम करा, कारण बहुतेक ठिकाणी उत्साहाने व्हॉट्सअ‍ॅप गट तयार होतो आणि तिथेच काम संपतं. ज्याला सर्वात जास्त गरज आहे तो बहुधा त्या गटात नसतो.

आपल्या गल्लीतली किंवा इमारतीतली वीस-पंचवीस घरं धरा. प्रत्येक घरी दोघांनी मिळून जावं, एकट्याने नको. कोण एकटं राहतं, कुणाला ऐकू कमी येतं, कुणाकडे ऑक्सिजनचं यंत्र किंवा विजेवर चालणारं वैद्यकीय उपकरण आहे, कुणाकडे तान्हं बाळ आहे, घर तापवायला काय वापरतात, अडचणीत कुणाला कळवायचं, एवढंच विचारा. मदत ‘द्यायला’ आलो आहोत असा सूर लागला की दारं बंद होतात. ‘आम्ही सगळ्यांचीच यादी करतोय, तुमच्याकडून काय मदत होईल तेही लिहायचंय’ असं म्हणा, आणि खरोखरच लिहा. पंचाहत्तरीच्या आजींना जिना उतरवत नसेल, पण रोज सकाळी चार घरी फोन करण्याचं काम त्या कुणाहीपेक्षा नेटाने करतील. ही यादी कागदावर करा, दोन-तीन विश्वासू माणसांकडेच ठेवा, गटावर टाकू नका. कोण एकटं राहतं ही माहिती भलत्याच्या हाती पडता कामा नये.

मग जोड्या लावा. एका माणसाकडे दोन किंवा तीन घरं, त्याहून जास्त नकोत. वेळ ठरलेली असावी. फोन उचलला नाही तर पंधरा मिनिटांनी पुन्हा, तरीही नाही तर दारावर जायचं, तिथेही उत्तर नाही तर किल्ली असलेल्या माणसाला बोलवायचं. हे टप्पे त्या घरच्यांच्या संमतीने आधीच ठरले असले की ऐनवेळी ‘उगाच त्रास कशाला द्यायचा’ या संकोचात तास जात नाहीत.

फोनवर काय बोलायचं, हे फार महत्त्वाचं. ‘काकू, बऱ्या आहात ना?’ या प्रश्नाला ‘हो, बरी आहे’ हेच उत्तर येतं, ताप असला तरी येतं. त्याऐवजी असं विचारा:

‘काकू, आत्ता कुठल्या खोलीत बसलात?’

‘स्वयंपाकघरात गं. इथेच जरा ऊब आहे.’

‘गॅस पेटवून बसलात का?’

‘बारीक ठेवलाय.’

‘आधी बंद करा आणि खिडकी उघडा बघू. मी फोनवरच आहे. … उघडली? डोकं वगैरे जड नाही ना? सकाळपासून गरम काय घेतलंत?’

दोन मिनिटांच्या या बोलण्यात खोलीची ऊब कळली, गॅसचा धोका टळला, आणि काकूंचा आवाज नीट ऐकू आला. जीभ जड येत असेल, उत्तरं असंबद्ध असतील, नेहमीच्या बडबड्या बाई एकेका शब्दात बोलत असतील, तर फोन ठेवून सरळ त्यांच्या घरी जा. रोज तोच माणूस फोन करत असेल तर हा फरक लगेच लक्षात येतो, म्हणून जोड्या वारंवार बदलू नका.

वीज जाण्याची शक्यता असेल तर त्या दिवशी फोन लवकर करा. मोबाइल, टॉर्च, पॉवर बँक भरून ठेवायला सांगा. मेणबत्त्यांपेक्षा टॉर्च बरा.

पाचवी पायरी : एकत्र जमा, पण ज्याला येता येत नाही त्याचा विचार करून

हिवाळ्यात संध्याकाळी लवकर अंधारतं, आणि एकट्या माणसाला तो वेळ खायला उठतो. आठवड्यातून एकदा दीड तास जमायचं ठरवा. मोठा कार्यक्रम, पाहुणे, ध्वनिक्षेपक यांच्या फंदात पडू नका. त्यात करणारे दमतात आणि तिसऱ्या आठवड्याला सगळं बारगळतं. भेंड्या, पत्ते, कॅरम, एखाद्याने मोठ्याने वाचून दाखवलेली कथा, जुने फोटो घेऊन त्यांमागच्या गोष्टी सांगणं, मुलांनी बसवलेलं छोटं नाटुकलं, पेटी-तबला वाजवणारा कुणी असेल तर गाणी. माझ्या मते फोटोंची बैठक सगळ्यांत चांगली. न बोलणारी माणसंही हातात फोटो आला की बोलू लागतात, आणि तरुण मुलांना प्रथमच कळतं की वरच्या मजल्यावरचे आजोबा कोण होते.

ज्येष्ठ मंडळी जास्त असतील तर संध्याकाळचा हट्ट सोडा आणि दुपारच्या उन्हात जमा. पहाटेची वेळ तर नकोच. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि हृदयविकार असलेल्यांना गारठ्यात घाईने चालणं जड जातं. कुणाला कोण आणणार आणि कोण घरी सोडणार हे नावानिशी ठरवा. खुर्च्या हाताच्या असाव्यात, म्हणजे उठताना आधार मिळतो. ज्यांना खोकला-ताप आहे त्यांनी त्या दिवशी घरी राहावं आणि त्यांना फोनवरून गाणी ऐकवावीत. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्या खोलीत महिन्यातून एकदा चार-पाच जणांनी जाऊन तीच मैफल भरवावी.

सभागृहात जमत असाल तर आधी दोन्ही दारं उघडून बघा. मागचं दार कुलूपबंद आणि त्याच्यासमोर रचलेल्या खुर्च्या, हे चित्र फार ठिकाणी दिसतं. कार्यक्रम चालू असेपर्यंत कुलूप निघालेलं आणि वाट मोकळी हवी. कोळसा, गॅस किंवा रॉकेलचे हीटर आत नकोत. वायरी चालण्याच्या वाटेवरून गेल्या असतील तर टेपने जमिनीला चिकटवा.

शेकोटीचं आकर्षण सगळ्यांनाच असतं, आणि नीट केली तर तिच्यासारखी बैठक नाही. इमारत, वाळकं गवत, वाहनं आणि वरून जाणाऱ्या तारांपासून निदान २५ फूट दूर जागा निवडा. वारा सुटला असेल तर त्या दिवशी रद्द करा. फक्त कोरडं लाकूड जाळा. प्लास्टिक, टायर, रंगवलेली किंवा पॉलिश केलेली फळी यांचा धूर विषारी असतो. पेट्रोल-रॉकेल ओतून पेटवू नका. पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या पेटवण्याआधीच शेजारी हव्यात. शाल, ओढणी, पदर खोचून घ्यायला सांगा. नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे पेट घेतल्यावर वितळून कातडीला चिकटतात. आगीपाशी एक माणूस कायम नेमलेला असावा आणि विझवण्याचं कामही त्याचंच: पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि हात जवळ नेल्यावर धग लागेनाशी झाली की मगच घरी.

याच बैठकीत दर वेळी पाच मिनिटं एखादी गोष्ट करून दाखवा. एकदा अग्निशामक कसा चालवायचा: पिन ओढा, नळी ज्वालेच्या बुडाशी रोखा, दांडा दाबा, इकडून तिकडे फिरवा. पुढच्या वेळी तव्यातल्या पेटलेल्या तेलावर झाकण कसं सरकवायचं, पाणी का ओतायचं नाही. भाषणं नकोत, प्रत्येकाच्या हातात झाकण द्या आणि करायला लावा.

वेळ आलीच तर

कार्बन मोनॉक्साइडचा संशय आला तर सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत आणा. दारं-खिडक्या उघडा आणि आग बंद करा, पण त्यासाठी आत रेंगाळू नका. मग लगेच आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. भारतात आणि युरोपातल्या बहुतेक देशांत तो ११२ आहे. बरं वाटलं म्हणून दवाखाना टाळू नका. नुसत्या हवेत हा वायू रक्तातून अर्धा उतरायलाच चार ते सहा तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर हा वेळ खूप कमी होतो. डॉक्टरांना ‘घरात शेगडी चालू होती’ हे आपणहून सांगा. गर्भवती स्त्रीला लक्षणं सौम्य असली तरी दवाखान्यात न्यायलाच हवं.

गॅसचा वास आला तर सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा आणि कोणतंही बटण चालूही करू नका, बंदही करू नका. स्वयंपाकाचा सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून दार उघडून खालून हवा जाऊ द्या आणि फोन बाहेर जाऊन करा.

शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की ती तातडीची वेळ असते. थरथर, अडखळतं बोलणं, झापड ही तिची लक्षणं. थरथर थांबली आणि माणूस सुस्तावला तर प्रकृती बिघडते आहे असं समजा. रुग्णवाहिका बोलवा, ओले कपडे काढा, कोरड्या पांघरुणांत गुंडाळा, डोकंही झाका, आणि ऊब आधी छाती-पोटाला द्या. हातपाय चोळू नका, गरम पाण्यात बसवू नका, दारू पाजू नका; दारूने कातडीकडे रक्त धावतं आणि आतली ऊब आणखी जाते. पूर्ण शुद्धीत असेल तरच गोड, गरम पेय घोटघोट द्या. हलवताना अलगद हलवा, अशा अवस्थेत हृदय फार नाजूक असतं.

भाजल्यास २० मिनिटं नळाचं वाहतं गार पाणी. अंगठ्या-बांगड्या लगेच काढा. बर्फ, टूथपेस्ट, तेल यांतलं काही लावू नका. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही: थांबा, चेहरा हातांनी झाका, जमिनीवर लोळा.

मदत येईपर्यंत एकाने फाटकाशी टॉर्च घेऊन उभं राहावं, दुसऱ्याने आजाऱ्याची औषधं आणि कागद एका पिशवीत भरावेत, तिसऱ्याने मुलांना आपल्या घरी न्यावं. ज्या शेगडीमुळे, हीटरमुळे किंवा गीझरमुळे हे घडलं तो कारागिराने तपासल्याशिवाय पुन्हा सुरू करायचा नाही. तोवर त्या कुटुंबाला रात्री झोपायला कुणाकडे जागा आहे, हे यादी करतानाच प्रत्येक घराला विचारून तिच्या शेवटच्या रकान्यात लिहून ठेवा.